मे महिन्यात चढलेलं पाणी

मी मोसंबी खात नाही. रस नाही, फोड नाही, आजारपणात कुणी भेटायला येताना आणली तरी नाही. शाळेतल्या बाया म्हणतात, पित्त असेल. मी म्हणते, असेल बाई. खरं कारण सांगायचं तर भंडारदऱ्यापासून सुरुवात करावी लागते, आणि तिथं पोचलं की माझ्या डोक्याचा भुगा होतो. पंचवीस वर्षं होतोय. तरी आज सांगते.

आमचं शेत श्रीरामपूरच्या पुढं, कालव्याच्या चारीच्या पार शेवटाला. आम्ही म्हणजे टेलचे लोक. उन्हाळ्यात धरणातून पाणी सोडलं की ते आधी नदीने, मग कालव्याने, मग चारीने असं दोन दिवस चालत आमच्याकडे यायचं. नियमाने पहिला मान टोकाच्या शेताचा, मग पाळी वर वर सरकत जायची. पण नियम ऐकतोय कोण? टोकाचा माणूस चारीवर हजर दिसला नाही की वरचे लोक आपापल्या रानात पाणी वळवून मोकळे. मग आम्ही बसायचं कोरड्या चारीकडे बघत. म्हणून चारीला पाणी यायच्या आत आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, रानात उभं असायचं, हा आमच्या घरचा कायदा होता. ताप असो, कुणाचं लग्न असो, आण्णा पाण्याच्या आधी चारीवर.

आता अशा माणसाने सुट्टीला कुठं जावं? तर त्याच धरणावर! आणि कधी, तर नेमकं पाणी सुटायच्या आठवड्यात! लहानपणी मला हे कोडं सुटायचं नाही. मैत्रिणी मामाच्या गावाला जायच्या, तिथं आठ-आठ दिवस राहायच्या, आणि आमची सुट्टी म्हणजे आण्णा कधी पळतात याची वाट बघणं.

त्याला कारण होतं ओटीचं. ज्या पाण्यावर आपलं घर चालतं त्या पाण्याची वर्षातून एकदा ओटी भरायची, आणि ती धरण रिकामं असताना, उन्हाळ्याचं पाणी सुटायच्या आधी भरायची, असा आमच्याकडे रिवाज. पावसाळ्यात तुडुंब धरणाला नारळ सोडायला सगळेच येतात. आण्णा म्हणायचे, “भरल्या घरी कुनीबी जेवाया जातं. रित्या घरी जाऊन इचारावं, बाई, बरी हाईस का?”

आधी हे सगळं एका दिवसात उरकायचं. मग धरणाच्या काठाला कुणीतरी लाकडी खोल्या बांधल्या. उतरत्या पत्र्याचं छप्पर, फळ्यांच्या भिंती, पुढं दोन खुर्च्या मावतील एवढा व्हरांडा, आणि खाली उतार सरळ पाण्यात गेलेला. अशा सहा खोल्या, आणि मधोमध एक स्वयंपाकघर. बाहेर पाटी होती ‘लेक कॉटेज’. आईने ती पाटी बघितली आणि म्हणाली, “औंदा इथं चार दिवस ऱ्हायचं.” आई कधी काही मागायची नाही. त्यामुळे आण्णा गडबडून हो म्हणाले. तेव्हापासून दरवर्षी मे महिन्यात आम्ही चौघं, म्हणजे आई, आण्णा, मी आणि माझा धाकटा भाऊ, संगमनेर-अकोले-राजूर असं एसट्या बदलत तिथं जायला लागलो.

आईला खोलीचं कौतुक होतं, फळ्यांच्या भिंतीचा वास आवडायचा, आयता चहा मिळतो याचं तर तिला अप्रूपच होतं. पण खरी गोष्ट वेगळी होती. पलीकडच्या काठाला महादेवाचं जुनं देऊळ आहे. बोटीने पाणी ओलांडायचं आणि पुढं थोडं चालायचं. ओटी भरल्यावर चौथ्या दिवशी, निघायच्या आधी, त्या देवळात जोडीनं जाऊन यायचं, एवढंच आईला पाहिजे होतं. जोडीनं. एकटीने नाही, पोरांबरोबर नाही. आण्णांनी पहिल्याच वर्षी शब्द दिला होता, “चौथ्या दिशी जाऊ.” आणि चौथा दिवस काही त्यांना कधी बघायला मिळाला नाही.

कारण खुंटी. आण्णा घरून निघताना गोठ्यातली बाभळीची एक खुंटी पिशवीत टाकायचे. पहिल्या संध्याकाळी, चहा व्हायच्या आधी, ते उतार उतरून पाण्याच्या अगदी कडेला ती ठोकायचे. रोज सकाळी जाऊन खुंटीपासून पाण्यापर्यंत पावलं मोजायची. उन्हाने पाणी आटतं ते अर्धं पाऊल, फार तर एक. पण धरणाचं दार उघडलं की एका रात्रीत दहा-बारा पावलं उघडी पडायची. खोल्यांवरचा फोन बहुतेक वेळा बंदच असायचा, आणि मोबाईलला तेव्हा तिथं काडीची रेंज नव्हती. त्यामुळे खुंटी हीच आमची तार. खुंटी उघडी पडली की आण्णा वर येऊन म्हणायचे, “सुटलं.” आई त्यांचं धोतर, टॉवेल पिशवीत भरायची. अर्ध्या तासात आण्णा एसटीच्या रस्त्याला. खाली नदीने पाणी चाललंय आणि वर रस्त्याने आमचे आण्णा, अशी ती शर्यत. आणि आण्णाच जिंकायचे. कौतुक करावं की रडावं हेच मला समजायचं नाही.

चौथ्या दिवशी बोटवाला व्हरांड्यापाशी येऊन विचारायचा, “काकू, येताय का?” आई म्हणायची, “जोडीनं जायचंय. पुढल्या साली.” अशी पाच वर्षं गेली.

सहाव्या वर्षी मी अकरा वर्षांची होते. त्या वर्षी निघताना आईने नवं हिरवं लुगडं पिशवीत घेतलं होतं. एसटीत आण्णांना म्हणाली, “या साली तरी चौथ्या दिशी थांबा.” आण्णा म्हणाले, “पान्यानं थांबू दिलं तर थांबतो की.” आईने खिडकीकडे तोंड केलं. मला असा राग आला म्हणून सांगू! आण्णांचा नाही, आईचा नाही, त्या खुंटीचा.

तिसऱ्या दिवशी मला पहाटेच जाग आली. उजाडलं नव्हतं, पण पायाखालचं दिसत होतं. मी अनवाणी उतार उतरले. खुंटी कोरड्यात उभी होती. मी पावलं मोजली, अकरा. म्हणजे पाणी सुटलं होतं. म्हणजे आता दोन तासांत आण्णा चालले.

मी काय केलं असेल? दोन्ही हातांनी खुंटी हलवून हलवून उपटली, जुन्या भोकात चिखल भरून वरून पायाने चोपला, आणि पाण्याच्या कडेला दगडाने खुंटी परत ठोकली. नीट कडेला. पाण्यात नाही, कोरड्यात नाही. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढचा सगळा घोळ त्याच्यावरच आहे. मग हात धुतले आणि गपचूप गोधडीत शिरले.

घरी आईची मोसंबीची बाग होती. चाळीस झाडं. लग्न होऊन आल्यावर तिने स्वतः लावलेली, पहिले दोन उन्हाळे डोक्यावरून हंडे आणून जगवलेली. उन्हाळ्यात विहीर तळाला जायची आणि चारीच्या या एका पाण्यावर ती बाग तरायची. खुंटी उपटताना मला बाग आठवली नाही असं म्हटलं तर सोपं जाईल. पण खोटं कशाला बोलू, आठवली होती. मला वाटलं, दोन दिवसांनी काय होतंय? झाडं काय पळून जातात?

ऊन वर आल्यावर आण्णा तोंडात दातवण घेऊन खाली निघाले. मी मागं, माझ्या मागं आई आणि भाऊ. आणि बघते तर काय, खुंटी पाण्यात! चांगली चार पावलं आत, घोट्याएवढ्या पाण्यात उभी!

माझ्या तर तोंडचं पाणी पळालं. मी कडेला ठोकली होती. देवाशपथ कडेला. मग पाणी चढलं की काय? धरणाचं दार उघडलेलं, वर आभाळ कोरडं ठाक, आणि पाणी चढतंय? आण्णा खुंटीकडे बघत उभे राहिले. दातवण तसंच तोंडात. मग म्हणाले, “चढलंय.”

आई म्हणाली, “वर कुठं पाऊस झाला आसंल.”

“आसंल,” आण्णा म्हणाले, आणि वर जाऊन त्यांनी दोन बशा पोहे खाल्ले.

चौथ्या पहाटे मी पुन्हा उठून गेले. रात्रीतून पाणी हटलंच असणार, म्हणजे खुंटी पुन्हा उघडी पडली असणार, आज पुन्हा ठोकाठोकी करावी लागणार. मुठीत दगड घेऊनच गेले होते. तर खुंटी बरोबर पाण्याच्या कडेला! ना आत, ना बाहेर! मी दगड टाकून दिला. मला वाटलं, आईची ओटी पोचली. धरणाने ऐकलं. आमच्या आण्णांनी एक दिवस थांबावं म्हणून एवढं मोठं पाणी आमच्यासाठी जागच्या जागी थांबलं. अकरा वर्षांच्या पोरीला दुसरं काय वाटणार?

त्या दिवशी आई-आण्णा जोडीनं बोटीत बसले. आई हिरव्या लुगड्यात, आम्ही पोरंही मागोमाग बोटीत. आणि तेव्हा आम्हाला कळलं की जन्मभर पाण्यासाठी भांडलेला हा माणूस पाण्याला घाबरतो! बोट जरा हलली की आण्णा डोळे मिटायचे. एका हाताने बोटीची कड धरलेली, दुसऱ्या हाताने माझी वेणी. ती देऊळ येईपर्यंत सोडली नाही. आई हसत होती. पदर तोंडावर घेऊन, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. मी तिला तशी हसताना त्याआधी पाहिली नव्हती. नंतरही फारशी नाही.

पाचव्या दिवशी घरी आलो तर चारीच्या तळाला ओल होती. पाणी येऊन गेलं होतं. वरच्या लोकांनी ते घेतलं होतं आणि आमची पाळी उलटून गेली होती. पुढचं पाणी पावसाळ्याशिवाय नव्हतं. आठ दिवसांत मोसंबीची पानं मिटली, मग पिवळी पडली, मग शेंडे वाळले. आई रोज संध्याकाळी विहिरीच्या तळातलं पाणी बादलीने काढून घालायची. बादलीने चाळीस झाडं जगतात होय? बांधाकडची पाच जगली, बाकीची गेली. आण्णांनी ती तोडली. कुऱ्हाडीचा आवाज घरापर्यंत यायचा आणि मी कानात बोटं घालून पुस्तक वाचायची.

आणि मग पंचवीस वर्षं माझ्या आई-बापाने वरच्या लोकांच्या नावाने शिमगा केला. “मेल्यांनी माझी झाडं मारली,” आई म्हणायची. “त्यांचं वाटोळं हुईल,” आण्णा म्हणायचे. घरी पाहुणा आला की ही आरती ठरलेली. आणि मी तिथंच कोपऱ्यात मूग गिळून बसलेली. मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. पाणी चढलं असेल तर धरणातून सुटलंच नव्हतं, मग चारीला आलं कुठून? आणि सुटलं असेल तर खुंटी पाण्यात गेली कशी? एक खरं धरावं तर दुसरं खोटं पडायचं. कधी वाटायचं, मी झाडं मारली. कधी वाटायचं, छे, पाण्यानेच थांबवलं, मी कोण? हे कुणाला विचारायचं तर आधी कबुली द्यावी लागणार. ती काही तोंडातून निघायची नाही. मी फक्त मोसंबी खायची सोडली.

त्या वर्षानंतर आण्णांनी खुंटी नेणं बंद केलं. राहणंही बंद झालं. सकाळी जायचं, ओटी भरायची, संध्याकाळी परत. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आईने विचारलं नाही. हा आणखी एक घोळ.

या वर्षी मीच मोबाईलवरून त्या खोल्या बुक केल्या. चार दिवस. आण्णा आता पंच्याहत्तरीला आले, आईचे गुडघे गेले. शेत भाऊ बघतो, ठिबक आहे, शेततळं आहे, आण्णांनी चारीवर उभं राहायची काही गरज उरलेली नाही. आईला म्हटलं, पुन्हा एकदा जोडीनं जाऊन या. आई म्हणाली, “बघू.” पण हिरवंच लुगडं घेतलं.

पहिल्या दिवशी ओटी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं व्हरांड्यात चहा घेत होतो. आण्णांचा मोबाईल वाजला. आमच्या चारीच्या लोकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्याच्यावर मेसेज होता, पाणी सुटलं. आण्णांनी चष्मा वर करून तो दोनदा वाचला. आणि आईने काय करावं? गुडघ्यावर हात टेकत उठली, आत गेली आणि आण्णांची पिशवी भरायला लागली!

माझं डोकंच फिरलं. “अगं, कशाला भरतेस? तिकडं तुझा लेक आहे ना घरी! आण्णा, तुम्ही कुठं निघालात?”

“तो हाय. पन वरच्या लोकांचा काय नेम?” आण्णा म्हणाले. “एकदा दगा झालाय आपल्याला.”

“वरच्यांनी काही केलं नाही!” मी ओरडलेच. “त्या वर्षी खुंटी मी हलवली होती. मी! तिसऱ्या दिवशी पहाटे!”

आईचे हात थांबले. शेजारच्या खोलीतली माणसं बाहेर येऊन बघायला लागली, पण मला आता कुणाची पर्वा नव्हती. पंचवीस वर्षांचं एका दमात बाहेर आलं. शेवटी मी रडत म्हणाले, “तुझी झाडं मी मारली आई.”

आई दारात येऊन उभी राहिली. रागावली नाही, रडली नाही. भलतंच विचारलं. “कुठं ठोकलीस तू?”

“कडेला. पाण्याच्या कडेला.”

“आगं बाई,” आई म्हणाली आणि उंबऱ्यातच खाली बसली. “म्हंजी तुज्यामागनं मी गेले. मी बघितलं तर खुंटी काठाला. मला वाटलं आजून पानी सुटलंच न्हाई. पन आज न्हाई तर उद्या सुटंल, म्हनून मी ती आधीच चार पावलं आत ठोकून ठेवली. उद्या पानी हटलं तरी ह्यांना कळू नये.”

“तू? तुला झाडांचं काही वाटलं नाही?”

“वाटलं की. झाडं माजीच हुती.” ती पदराशी चाळा करत होती. “पन मला एकदा बोटीत बसायचं हुतं.”

पंचवीस वर्षांचं कोडं सुटलं म्हणून मी हसणार, तेवढ्यात चौथा दिवस आठवला. तेव्हा तर खुंटी बरोबर कडेला होती. “मग चौथ्या दिवशी परत तूच ना?”

“मी कुठं? एकदाच गेल्ते मी. मला वाटलं, पानी हटलं, पन माज्या चार पावलांवर येऊन खरंच थांबलं.”

आम्ही दोघींनी आण्णांकडे बघितलं. आण्णा मोबाईल पुसत बसले होते. धोतराच्या सोग्याने, सावकाश, पुढून, मागून.

“आण्णा?”

“मग काय,” आण्णा खाली बघून म्हणाले. “माझा जलम पान्यात गेला. मे महिन्यात पानी चढत न्हाई, एवढं बी कळत न्हाई व्हय मला? चिखलात दोन पायांच्या खुना हुत्या. एक बारका, एक मोठा. म्हनलं, ह्या दोघी इतक्या पहाटं उठून चिखलात उतरल्या, मग जाऊ कसा? चौथ्या दिशी तुमी उठायच्या आधी मीच काठाला ठोकली.”

“आन मंग मला सांगितलं का न्हाई?” आई कडाडली. “पंचवीस वर्सं त्या वरच्या लोकांना शिव्या घातल्या मी!”

“सांगू कसा? झाडं तुजी. तू म्हनली आसतीस, बोटीपायी माजी झाडं मारली. त्या बागेला लोक तुजीच बाग म्हनायचे.” आण्णांनी मोबाईल खिशात टाकला. “मला जाववंना आन तुला सांगवंना.”

“आन मी म्हनायची, मी खुंटी हलवलेली ह्यांना कळलं तर जीव देतील.” आई म्हणाली.

माझी अवस्था काय सांगू! हसू येत होतं, संताप येत होता, रडू तर थांबतच नव्हतं. तिघांनी मिळून एक खुंटी हलवली आणि तिघांनी तीन बाजूंनी ती पंचवीस वर्षं लपवली. पस्तीस झाडं गेली. मी एक फोड तोंडात घातली नाही. कुणावर रागवायचं? आजही मला सांगता येत नाही.

आई उठली आणि पुन्हा पिशवीकडे वळली. मी म्हटलं, झालं, ये रे माझ्या मागल्या. पण ती भरत नव्हती. भरलेलं बाहेर काढत होती. धोतर काढलं, टॉवेल काढला, आणि तळाला हात घातला तशी थांबली. तिने बाभळीची खुंटी बाहेर काढली. तीच. डोकं ठोकून ठोकून पसरलेली.

“हे कशाला आनलंय?” तिने विचारलं.

आण्णांनी तिच्या हातून खुंटी घेतली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “जा. ठोकून ये.”

“कुठं ठोकू?”

“मला काय इचारतीस? तुज्या आईला इचार.”

मी उतार उतरले. ऊन चांगलं वर आलं होतं. पाण्याच्या कडेला पोचले, दगड शोधला आणि वाकले, तर वरून व्हरांड्यातून आईचा आवाज आला, सहाच्या सहा खोल्यांना ऐकू जाईल असा.

“तिथं न्हाई गं! आत! आजून आत ठोक! चांगली गुडघाभर पान्यात!”